नात्याच्या रकान्यात काय लिहायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की समलिंगी विवाहाची मागणी ही मुंबई-पुण्याच्या पैसेवाल्यांची थेरं आहेत, आमच्या खेड्यापाड्यांत असलं काही नसतं, आणि सोयाबीनला भाव मिळत नसताना वर्तमानपत्रानं या विषयावर जागा घालवू नये. पत्राची भाषा सभ्य होती, लिहिणाऱ्याला शेतकऱ्याचा कळवळा होता. म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

मी यवतमाळ जिल्ह्यात एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो. २०१९ मध्ये निवृत्त झालो. जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टी, पाणीपट्टी, दाखले, ग्रामसभेचं इतिवृत्त हे सगळं आमच्या हातचं. १९९८ चा विवाह नोंदणीचा कायदा अमलात आल्यापासून गावातली लग्नं नोंदवायचं कामही आमच्याकडे आलं. कुणब्यांची लग्नं नोंदवली, त्रिशरण-पंचशील घेऊन झालेली बौद्धांची नोंदवली, निकाह नोंदवले, गोंड आणि कोलाम जोडप्यांची नोंदवली. पाटाची लग्नंही नोंदवली. जुन्या लोकांना आठवत असेल, विधवेचा पाट रात्री लावायचे, वाजंत्री नाही, मांडव नाही, दिवसा तोंड दाखवायची सोय नाही. माझ्या रजिस्टरात मात्र पाटाच्या बाईला आणि पहिल्या लग्नाच्या बाईला एकच ओळ होती. कोणी सात फेरे घेतले आणि कोणी नाही, हे मी कधी मोजलं नाही. वय पाहिलं, साक्षीदार पाहिले, सह्या घेतल्या, शिक्का मारला.

आता ज्या दोघींसाठी हे पत्र लिहितो आहे त्यांच्याबद्दल. नावं देत नाही, गावही देत नाही. एकीला थोरली म्हणतो, दुसरीला धाकटी. धाकटीला विचारूनच लिहितो आहे. ती म्हणाली, "नाव नोका लिहू साहेब, बाकी समदं लिहा."

थोरली बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. मूलबाळ नव्हतं. बाप गेल्यावर वाटणीत चार एकर कोरडवाहू तिच्या नावावर आलं. भाऊ आपलं वावर विकून शहरात गेला. धाकटी शेजारच्या तालुक्यातली. घरचे जबरदस्तीनं लग्न लावायला निघाले म्हणून कापूस वेचायला निघालेल्या बायांच्या टोळीबरोबर घर सोडून आली. टोळी दिवाळीनंतर परत गेली, ही राहिली. ते २००३ साल असावं. तेव्हापासून वीस वर्षं त्या एका छताखाली होत्या. एक वखर धरायची, दुसरी पेरायची. बाजाराला दोघी, पोळ्याला दोघी, कोणाच्या मौतीला गेल्या तरी दोघी. गावात त्यांना "दोघी" असंच म्हणत. "दोघींच्या धुऱ्याजवळून जा," असं सांगितलं की रस्ता कळायचा.

गावाला काय ते ठाऊक होतं. गाव बोललं नाही, आणि मीही बोललो नाही. मला वाटायचं, न बोलणं हाच मोठेपणा. आज तसं वाटत नाही.

एकदा दोघी माझ्याकडे रेशनकार्डाचा अर्ज घेऊन आल्या. दोघींचं एक कार्ड हवं होतं. कुटुंबप्रमुख थोरली. खाली धाकटीचं नाव, वय, आणि पुढे रकाना, 'कुटुंबप्रमुखाशी नाते'. मी पेन हातात घेऊन थांबलो. थोरली म्हणाली, "तुमाले जे बसते थे लिहा." मी 'बहीण' लिहिलं. मला वाटलं, मी त्यांच्यावर उपकार केला. ते खोटं होतं, आणि ते माझ्या अक्षरातलं खोटं होतं. त्याच वर्षी नमुना आठमध्ये, म्हणजे घराच्या आकारणीच्या नोंदवहीत, मालक म्हणून थोरलीचं आणि भोगवटा करणाऱ्याच्या रकान्यात दोघींचं नाव घातलं. तेवढं खरं होतं.

२०२३ च्या ऑगस्टात, पावसाच्या झडीत, थोरली पहाटे कोठ्यात कुटार काढायला गेली आणि तिला साप चावला. ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. धाकटी गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिथं पहिला प्रश्न आला, नातेवाईक कोण? तिनं बहीण सांगितलं. आधारकार्डावर बापाचं नाव वेगळं, आडनाव वेगळं, गाव वेगळं. रात्री थोरली गेली. शवविच्छेदन झालं, पण मयत धाकटीच्या ताब्यात दिली नाही. भावाचा मुलगा शहरातून निघून पोचेपर्यंत अकरा तास ती व्हरांड्यात बसून होती. तो पोरगा थोरलीला चार-पाच वर्षांत भेटला नव्हता. सही त्यानं केली. मी हे त्या पोराला दोष द्यायला सांगत नाही, त्याला बोलावलं म्हणून तो आला.

पुढचं मला पाठ आहे, कारण त्यातला एकेक कागद आयुष्यभर माझ्या हाताखालून गेला आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम १५: बाईला आईवडिलांकडून वारसानं आलेली जमीन, तिला मूलबाळ नसेल तर वडिलांच्या वारसांकडे परत जाते. वारस फेरफार झाला, सातबारावर भावाचं नाव चढलं. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी राज्याची जी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे, तिच्यात दोन लाख रुपये मिळतात, सर्पदंश त्यात बसतो, आणि पहिला हक्क पती किंवा पत्नीचा असतो. इथं त्या रकान्यात कोणीच नव्हतं. किसान सन्मानचे वर्षाचे सहा हजार थांबले. घराचा वाद झाला तेव्हा धाकटीनं रेशनकार्ड दाखवलं, तर समोरून प्रश्न आला, "आमच्या आजोबाले ही पोरगी कोठून झाली?" खोटी नोंद करून घेतल्याबद्दल तक्रार करू, अशी धमकीही मिळाली. मी उपकार समजून लिहिलेला शब्द तिच्यावर उलटला. तिनं घर सोडलं. आज ती त्याच शिवारात दुसऱ्याच्या वावरात रोजानं निंदायला जाते. ज्या धुऱ्यावर दोघींनी लावलेला निंब उभा आहे, त्या धुऱ्यावरून जाते.

पत्रलेखक गृहस्थांना मला एवढंच विचारायचं आहे, ही बाई शेतकरी आहे की नाही? सोयाबीनच्या भावाचा प्रश्न तिचा नव्हता का? वीस वर्षं कापूस वेचला, फवारणी केली, आणि तिच्या हाती ना पीक राहिलं ना वावर. शेतकऱ्याचा प्रश्न आधी आणि हा नंतर, अशी रांग लावायची म्हटली तर ती कोणत्या रांगेत उभी राहणार?

'शहरी उच्चभ्रूंचा विचार' हे शब्द नवीन नाहीत. सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाच्या मागणीवरच्या खटल्यात २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं हेच म्हटलं होतं. त्या खटल्याचा निकाल १७ ऑक्टोबर २०२३ ला लागला. नवरात्र सुरू होतं, थोरलीला जाऊन दोन महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी धाकटी आमच्या ओसरीत आली, तेव्हा पेपर माझ्या हातात होता. मी तिला वाचून दाखवला. तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात त्या शहरी उच्चभ्रूच्या मुद्द्याला उत्तर दिलं आहे. इंग्रजी बोलणारा, ऑफिसात नोकरी करणारा पुरुषच समलिंगी असतो असं नाही, शेतात राबणारी बाईही असू शकते, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे. हे ऐकून ती थोडी पुढे सरकून बसली.

मग बाकीचं वाचलं. लग्न करण्याचा बिनशर्त मूलभूत हक्क संविधानात नाही, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा बदलायचा तर ते संसदेचं काम, यावर पाचही न्यायमूर्ती एकमत होते. चंद्रचूड आणि न्या. कौल यांचं म्हणणं होतं की लग्न नाही तरी अशा जोडप्यांच्या एकत्र राहण्याला काही कायदेशीर ओळख मिळाली पाहिजे. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांना ते मान्य नव्हतं. तिघांचं झालं. सरकारनं समिती नेमून अडचणी पाहाव्यात, एवढं उरलं.

तिनं विचारलं, "मंग आमी गुन्हेगार नाई ना?"

नाही, म्हटलं. असे संबंध गुन्हा ठरवणारं, इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं ३७७ कलम या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ लाच मोडीत काढलं.

"अन् एका घरच्या बी नाई."

नाही.

"मंग कागदावर थे माही कोन होती, साहेब?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कोणत्याही अर्जदाराला उत्तर देता आलं नाही असं फार वेळा झालं नाही. त्या दिवशी झालं.

लोक म्हणतात, मृत्युपत्र करून ठेवायचं होतं. बरोबर आहे, करायला हवं होतं, आणि मी त्यांना सांगायला हवं होतं, हे माझं ओझं आहे. पण आपल्या गावात किती नवरा-बायको मृत्युपत्र करतात? लग्नाची नोंद असली की न सांगता, न लिहिता, अंगठेबहाद्दर बाईलासुद्धा नवऱ्याच्या मागे हक्क मिळतो. मृत्युपत्रानं जमीन मिळाली असती कदाचित, तेही भावानं आव्हान दिलं नसतं तर. मृत्युपत्रानं दवाखान्याच्या दारात तिला आत घेतलं नसतं. मयत ताब्यात मिळाली नसती. अनुदानाच्या यादीत पहिला क्रमांक मिळाला नसता. लग्न म्हणजे सरकारशी केलेले शंभर करार एका सहीत होणं. ते शंभर करार सुटे सुटे करत बसा, असं आपण फक्त काही माणसांनाच सांगतो आहोत.

दुसरा आक्षेप धर्माचा. मी स्वतः वारकरी घरातला आहे, घरात एकादशी आहे. लग्न हा संस्कार आहे हे मला मान्य आहे. पण संस्कार मी कधीच नोंदवला नाही, माझ्या कार्यालयाला तो अधिकारच नव्हता. विशेष विवाह कायद्यात तर पुरोहित, काझी, भन्तेजी कोणीच लागत नाही. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, अधिकाऱ्यासमोर सह्या. या कायद्यात बदल झाला तर कोणत्याही देवळाला, मशिदीला, विहाराला काहीही करावं लागणार नाही. देवाधर्माचं लग्न ज्याच्या त्याच्या समाजानं ठरवावं. सरकारी नोंद मात्र सगळ्यांच्या कराच्या पैशातून चालते, धाकटीच्या घरपट्टीतूनही चालत होती.

इथं मला एक जुना प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या साली धाकटी गावात आली त्याच सुमाराला माझ्या दुसऱ्या एका गावात एका कुणब्याच्या पोरानं बौद्ध मुलीशी लग्न केलं. नोंदीसाठी आले त्या दिवशी ग्रामपंचायतीपुढे पन्नासेक माणसं जमली. मोठमोठे लोक मला म्हणाले, साहेब, शिक्का मारू नका, गाव पेटेल. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. पण कायदा माझ्या टेबलावर उघडा होता. मी त्यांना म्हटलं, यात जातीचा रकानाच नाही, मी काय लिहून अडवू? शिक्का मारला. दोन दिवस गावात तणाव होता, मग पेरण्या आल्या. त्या जोडप्याचा मुलगा आज इंजिनिअर आहे आणि तेव्हा जमलेल्यांतले दोघे-तिघे त्याला आपल्या घरी जेवायला बोलावतात.

तो दिवस आठवला की मला कळतं, त्या दिवशी मी शूर नव्हतो. कायदा माझ्या पाठीशी उभा होता म्हणून माझ्यासारखा साधा कर्मचारी पन्नास माणसांपुढे ताठ राहिला. आणि दोघींच्या वेळी माझ्या मनात त्यांच्याबद्दल वाईट काही नव्हतं, तरी मी खोटं लिहून मोकळा झालो, कारण पाठीशी काहीच नव्हतं. नागरी हक्क म्हणजे काय हे मी पुस्तकातून शिकलो नाही. लोकांचं मन मोठं होईल याची वाट पाहायला न लावता ज्या गोष्टी माणसाला मिळतात, ते हक्क. गावाचं मन त्या दोघींबाबत तसं मोठंच होतं की. कोणी दगड मारला नाही. पण गावाचं मन तहसीलमध्ये पुरावा म्हणून जोडता येत नाही.

जातीबाहेरचं लग्नसुद्धा कायद्याला सहज पचलेलं नाही. केवळ जात वेगळी म्हणून हिंदूंचं लग्न रद्द ठरणार नाही, हे सांगायला १९४९ साली वेगळा कायदा करावा लागला. आमच्या वऱ्हाडात त्याच्या बावीस वर्षं आधी, १९२७ साली, पंजाबराव देशमुखांनी अंबादेवीच्या मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह उभा केला आणि स्वतः जातीबाहेर लग्न केलं. त्यांनी लोकमताची वाट पाहिली नाही. माझी पुतणी अमरावतीला वकिली शिकते. तिनं सांगितलं, अमेरिकेत १९६७ पर्यंत सोळा राज्यांत गोऱ्या-काळ्यांचं लग्न गुन्हा होता, आणि व्हर्जिनियाच्या एका न्यायाधीशानं, देवानंच वंश वेगवेगळ्या खंडांत ठेवले, असं कारण दिलं होतं. वरच्या न्यायालयानं ते फेकून दिलं. २०१५ साली त्याच न्यायालयानं समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला तेव्हा त्या जुन्या निकालाचा आधार घेतला. मला अमेरिकेचं फार कौतुक नाही. पण देवाचं नाव घेऊन माणसं वेगळी ठेवायची युक्ती आपल्याला अनोळखी नाही, म्हणून सांगितलं.

आणि ज्यांना हे सगळं परदेशी वाटतं त्यांनी नेपाळकडे पाहावं. २९ नोव्हेंबर २०२३ ला तिथं समलिंगी विवाहाची पहिली नोंद झाली. काठमांडूत नव्हे, लमजुंग जिल्ह्यातल्या दोर्दी गाउंपालिकेत. म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतच. माझ्यासारख्याच कोणी तरी कर्मचाऱ्यानं तो शिक्का मारला असेल. ती बातमी मी कात्री घेऊन कापून ठेवली आहे.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत सांगितलं होतं की संविधानाची नैतिकता माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते. आमच्याकडे दरवर्षी दीक्षाभूमीला जाणारी माणसं घरोघरी आहेत. रघुनाथ धोंडो कर्वे आपल्या मासिकात लैंगिक प्रश्नांवर मोकळेपणानं लिहितात म्हणून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ साली उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेबच उभे राहिले होते. वाचकांच्या ज्या प्रश्नांवरून तो खटला होता त्यांत समलिंगी संबंधांचा प्रश्नही होता. हे आमच्या वस्तीतल्या तरुण पोरांनाही ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांनी शोधून पाहिलं.

निकालानंतर काहीच झालं नाही असं नाही. केंद्राच्या कॅबिनेट सचिवांची समिती झाली. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सूचना निघाल्या: अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एका घरातले धरावं, बँकेत संयुक्त खातं आणि जोडीदाराचं नामनिर्देशन करू द्यावं, जवळचे नातेवाईक नसतील तर मयत जोडीदाराच्या ताब्यात द्यावी. त्या व्हरांड्यातल्या अकरा तासांना तेव्हा वर्ष झालं होतं. पण सूचना म्हणजे कायदा नाही. मी एका कार्यालयात जाऊन रेशनकार्डाबद्दल विचारलं तर बाबूला ठाऊक नव्हतं, त्यानं वर विचारतो म्हटलं. त्याचा राग नाही, मीही एकेकाळी असंच म्हणालो असतो. पुनर्विचार याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या. म्हणजे आता चेंडू संसदेत आहे. सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं होतं, ते पुढे गेलं नाही. विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे, तेव्हा राज्याच्या विधिमंडळालाही काही करता येतं. आमच्या भागातल्या खासदार-आमदारांपैकी कोणीही या विषयावर एक शब्द बोललेला मी ऐकला नाही.

म्हणून मी माझ्या हातात जे आहे ते करायचं ठरवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं बाकी ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. ठराव गावात झाला, मुंबईनं नंतर घेतला. मी जिथं आता राहतो त्या गावच्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी एक ठराव लिहून दिला आहे. विशेष विवाह कायदा दोन प्रौढ व्यक्तींना, त्या बाई-बाई असोत की पुरुष-पुरुष, खुला करावा अशी संसदेला विनंती; आणि तोवर, वर्षानुवर्षं एका घरात राहणाऱ्या दोघांपैकी एक गेला तर दुसऱ्याला घराबाहेर काढण्यात गावानं साथ देऊ नये. मसुदा मी चारदा लिहिला. धाकटीला वाचून दाखवला. 'जोडीदार' हा शब्द तिनं दोनदा वाचायला लावला.

सूचक म्हणून माझं नाव घातलं आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे. सरपंचबाई विचार करून सांगते म्हणाल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ

(पत्रातल्या दोघींची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)